विधान परिषदेची निवडणूक पद्धत आणि तिच्यातल्या सुधारणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीधरच्या नोंदणीचा मोसम आला, किंवा आमदारांच्या बसगाड्या हॉटेलाकडे निघाल्याच्या बातम्या झळकल्या, की हे प्रश्न यायला लागतात. निम्मे प्रश्न 'माझं नाव यादीत का नाही' या जातीचे असतात, उरलेले 'हे सभागृह हवंच कशाला' या जातीचे. दोन्हींची उत्तरं बऱ्याचदा एकाच ठिकाणी सापडतात, म्हणून एकत्र ठेवली आहेत. मतं माझी आहेत, आणि जिथे मत आहे तिथे तसं कळेल अशा बेताने लिहिलं आहे.

१. विधान परिषदेत कोण असतं आणि त्यांना निवडून कोण देतं?

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, ७८ जागा आहेत. त्यातल्या ३० विधानसभेचे आमदार निवडतात. २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात. पदवीधरांच्या ७ आणि शिक्षकांच्या ७. उरलेल्या १२ जागांवर राज्यपाल नेमणूक करतात. मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. सभागृह एकदम विसर्जित होत नाही. उमेदवाराचं वय किमान ३० लागतं.

घटनेच्या कलम १७१ मध्ये आमदारांचा वाटा आणि स्थानिक संस्थांचा वाटा सारखाच सांगितला आहे, 'शक्य तितका' एक तृतीयांश. ७८ चा एक तृतीयांश म्हणजे २६. आपल्याकडे प्रत्यक्षात ३० आणि २२ आहेत. कर्नाटकच्या ७५ जणांच्या परिषदेत हाच हिशेब २५-२५ असा बसवला आहे. 'शक्य तितका' या दोन शब्दांवर चार जागा गावाकडून मंत्रालयाकडे सरकल्या, असं मी म्हणतो. कायद्याने ते चालतं.

२. मी बी. कॉम. आहे, मागच्या वेळी मतदानही केलं होतं. या वेळी यादीत नाव नाही. कुणी काढलं?

कुणी काढलं नाही. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी दर निवडणुकीला नव्याने, कोऱ्या कागदावर तयार होते. विधानसभेच्या यादीत नाव असलं तरी त्याचा इथे उपयोग नाही, सहा वर्षांपूर्वीच्या पदवीधर यादीचाही नाही. पुन्हा अर्ज करावा लागतो: पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर. त्या तारखेच्या आधी पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत आणि राहणं त्या मतदारसंघात हवं. पदवी कुठल्या विद्याशाखेची, याला महत्त्व नाही. मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते.

माझाच अनुभव सांगतो. एका तालुक्याच्या कचेरीत मी अर्ज दिला, पदवीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स साक्षांकित करून जोडली, पोच घेतली. यादी लागली तेव्हा नाव नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत वडिलांच्या नावाचा एक काना कमी-जास्त होता. टेबलावरचे गृहस्थ भले होते. म्हणाले, "साहेब, हरकतीची मुदत कालच संपली. आता सहा वर्षांनी." मी पोचपावती अजून जपून ठेवली आहे, कशाला ते विचारू नका.

ही पद्धत बदलायला घटनेला हात लावावा लागत नाही. विधानसभेची यादी जशी वर्षभर चालू असते, नवं नाव चढतं, मेलेल्याचं उतरतं, तशीच पदवीधरांची ठेवता येईल. आज होतं असं की ज्या उमेदवाराकडे किंवा संस्थेकडे अर्ज भरून घेणारी माणसं आहेत त्याचे मतदार यादीत येतात. निवडणूक मतदानाच्या दिवशी होत नाही, ती अर्ज गोळा करण्याच्या आठवड्यांत होऊन गेलेली असते.

३. मतपत्रिकेवर शिक्का नसतो, आकडे लिहायचे असतात. चुकलं तर मत बाद होतं का?

होतं, आणि भरपूर होतात. इथे मतदान यंत्र नाही. कागदी मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं असतात, पक्षाचं चिन्ह नसतं. केंद्रावर जो जांभळ्या शाईचा पेन देतात त्यानेच लिहायचं, खिशातलं बॉलपेन काढायचं नाही. पहिल्या पसंतीच्या नावासमोर १ हा आकडा हवाच. मराठी आकडा चालतो, इंग्रजी चालतो, रोमनही चालतो. 'एक' असं अक्षरात लिहिलं, बरोबरची खूण केली, सही केली, किंवा दोन नावांसमोर १ लिहिला, की मत बाद. गंमत अशी की शिक्षक मतदारसंघाच्या मोजणीतही बाद मतपत्रिकांचा गठ्ठा असतोच. वर्षानुवर्षं पोरांच्या पेपरात लाल शाईने बरोबरच्या खुणा करणारा हात इथेही तीच खूण करून बसतो.

२, ३, ४ लिहिणं सक्तीचं नाही. पण लिहावं, का ते प्रश्न ५ मध्ये आहे.

४. आमदारांच्या निवडणुकीत 'कोटा २३ चा', 'कोटा २६ चा' असं म्हणतात. हा कोटा येतो कुठून?

गणित सोपं आहे. प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात. एकूण मूल्याला जागा अधिक एक या संख्येने भागायचं आणि आलेल्या पूर्णांकात १ मिळवायचा. जुलै २०२४ मध्ये ११ जागा होत्या आणि विधानसभेत २७४ आमदार. २७४०० भागिले १२ म्हणजे २२८३, अधिक एक २२८४. म्हणजे पहिल्या पसंतीची २३ मतं मिळवली की माणूस सुखरूप. जास्तीची मतं वाया जात नाहीत. उमेदवाराला कोट्यापेक्षा जितकं जास्त मूल्य मिळालं तितकं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे अपूर्णांकाने सरकतं. मताचं मूल्य १०० धरण्याचं कारण हेच.

आता यातली खरी मेख. ३० जागा तीन टप्प्यांत भरतात, पण ते टप्पे सारखे नाहीत: २०२० मध्ये ९, २०२२ मध्ये १०, २०२४ मध्ये ११. सगळे २८८ आमदार हजर आहेत असं धरलं तर नऊ जागांना कोटा २९ आमदारांचा होतो, दहाला २७, अकराला २५. म्हणजे २६ आमदारांचा पक्ष एका वर्षी स्वतःच्या बळावर माणूस निवडून आणतो आणि दुसऱ्या वर्षी त्याला उसने आमदार शोधावे लागतात. त्या पक्षाची ताकद तीच आहे, फक्त टप्पा वेगळा आहे. सगळ्या ३० जागा एकदम भरल्या तर दहा आमदारांच्या गटालाही एक जागा मिळेल. सभागृह कायम राहावं म्हणून केलेली सोय लहान पक्षांना महाग पडते. हे फारसं कुणी बोलत नाही, कारण बोलणारे सगळे मोठ्या पक्षांचे असतात.

५. पसंतीक्रमाची पद्धत प्रमाणशीर प्रतिनिधित्वासाठी आहे म्हणतात. मग पदवीधर मतदारसंघात सगळं एकालाच कसं जातं?

कारण तिथे जागाच एक असते. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर, अशा सात मतदारसंघांत प्रत्येकी एक पदवीधर आणि एक शिक्षक आमदार. एका भाकरीचे वाटे पडत नाहीत. एक जागा असली की कोटा होतो निम्म्याहून एक जास्त. तो कुणालाच मिळाला नाही की शेवटचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहायची, मग त्याच्या वरचा, असं चालू. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे, टेबलांवर खोकी, कोपऱ्यात चहाचा थर्मास, रात्रभर मोजणी. २०२३ मध्ये अमरावती पदवीधरची मोजणी दुसऱ्या दिवशीवर गेली होती.

दुसरी अडचण आपण स्वतः निर्माण केली आहे. पक्ष प्रचारात सांगतात, "फक्त एक लिहा, दोन लिहू नका." मतदार ऐकतो. मग त्याचा उमेदवार बाद झाला की ती मतपत्रिका संपते, पुढे कुठे जात नाही. अशा संपलेल्या मतपत्रिका जास्त झाल्या की शेवटी उरलेला उमेदवार कोटा न गाठताच विजयी ठरतो. नियमात ते बसतं.

सुधारायचं तर मतदारसंघ मोठे आणि जागा अनेक करायला हव्यात. उदाहरणार्थ पुणे, कोकण आणि मुंबई मिळून तीन जागा, आणि त्या तिन्ही एकाच वर्षी. मग पसंतीक्रमाला अर्थ येईल. तोटाही आहे. आजच पुणे मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. त्याहून मोठ्या मतदारसंघात अपक्षाने फिरायचं कसं आणि कुणाच्या डिझेलवर? म्हणून तीन जागांच्या पुढे जाऊ नये, असं मला वाटतं.

६. पदवीधरांनाच वेगळं मत कशाला? शेतकऱ्याने, कामगाराने काय घोडं मारलंय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि प्रश्न बरोबर आहे. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षरता १८.३३ टक्के होती. तेव्हा गावात एखादा ग्रॅज्युएट असायचा आणि त्याच्या दारावर नावापुढे पदवी लिहिलेली पाटी असायची. अशा माणसांचा वेगळा आवाज सभागृहात असावा, हा त्या काळचा विचार होता. आज घरटी पदवीधर आहे आणि त्यातले बरेच स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसले आहेत.

कुठल्याही वरच्या सभागृहाच्या निवडणूक पद्धतीला मी एकच कसोटी लावतो: या मतदारांमुळे असं काही सभागृहात पोचतं का, जे खालच्या सभागृहात पोचत नाही? पोचत असेल तर वेगळा मतदार राखावा. नसेल तर ती खालच्या सभागृहाचीच सावली आहे आणि सावलीला पगार देण्याचं कारण नाही. पदवीधर मतदारसंघ या कसोटीवर काठावर पास होतो. शिक्षक मतदारसंघ थोडा बरा, कारण विनाअनुदानित शाळा, तुकड्या, शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली), जुनी पेन्शन हे विषय तिथून नेमाने येतात. आमदारांनी निवडलेल्या ३० जागा सपशेल नापास होतात, कारण त्यांचा मतदारच खालचं सभागृह आहे. विधानसभेला पडलेल्याचं 'पुनर्वसन' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की भूकंपग्रस्तांना लाज वाटावी.

पदवीधरांऐवजी किंवा पदवीधरांबरोबर शेतकरी, असंघटित कामगार यांचे मतदारसंघ करावेत अशीही सूचना येते. तत्त्व चांगलं आहे, यादी करणं अवघड. सातबाऱ्यावर नाव असलेला तो शेतकरी म्हटलं तर शेतात राबणारी अर्धी माणसं, त्यातही बहुतेक बायका, बाहेर राहतील. आणि ज्यांच्या नावावर जमीन आहे असे पुण्या-मुंबईतले फ्लॅटवाले आत येतील.

७. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या प्राथमिक शिक्षकाला शिक्षक मतदारसंघात मत नाही, हे खरं का?

खरं आहे. माध्यमिक शाळेच्या खालच्या दर्जाच्या संस्थेत शिकवणाऱ्याला मत नाही. माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थेत मागच्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षं शिकवलेलं हवं. खासगी क्लास चालवणारे यात बसत नाहीत. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला शिकवणाऱ्या बाईंना शिक्षक म्हणून मत नाही आणि आठवी-नववीच्या सरांना आहे, या भेदाचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. घटनेतच 'माध्यमिकच्या खाली नाही' असं लिहिलं आहे. तरी हे बदलता येतं, प्रश्न १३ पाहा.

८. पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार स्वतः पदवीधर असावाच लागत नाही, असं ऐकलं. अफवा आहे ना?

अफवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये जी. नारायणस्वामी खटल्यात तसाच निकाल दिला आहे. मद्रासच्या पदवीधर मतदारसंघाचं प्रकरण होतं. न्यायालयाचं म्हणणं असं की घटनेने पात्रता मतदाराची सांगितली आहे, उमेदवाराची नाही. वय ३० आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, एवढं पुरतं. शिक्षक मतदारसंघालाही हेच लागू. म्हणून आयुष्यात खडू हातात न धरलेले संस्थाचालक शिक्षकांचे उमेदवार म्हणून दिसतात. ज्या शिक्षकाची नोकरी त्यांच्याच संस्थेत आहे त्याने पहिली पसंती कुणाला द्यायची, हे सांगायला नको.

९. आमच्या जिल्ह्याला स्थानिक स्वराज्य संस्थांचा आमदारच नव्हता, कित्येक वर्षं. असं कसं चालतं?

या मतदारसंघात नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती मत देतात. निवडणूक आयोगाचा दंडक असा की मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के संस्था कार्यरत असाव्यात आणि किमान ७५ टक्के मतदार पदावर असावेत, तरच निवडणूक घ्यायची. २०२२ पासून ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका अडकल्या, प्रशासक बसले. मतदारच उरले नाहीत. त्यामुळे सोलापूर, नगर, ठाणे, जळगाव, नांदेड, पुणे अशा जागांची मुदत जसजशी संपली तसतशा त्या रिकाम्या पडत गेल्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला तेव्हा कुठे चाक हललं.

७५ टक्क्यांचा दंडक वाईट नाही. अर्ध्या मतदारांवर आमदार निवडणं त्याहून वाईट झालं असतं. खोट आहे ती वेगळीच: स्थानिक निवडणुका लांबवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही, उलट वरच्या सभागृहातलं संख्याबळ फुकटात बदलून मिळतं. शिवाय सभापतिपदच जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत रिकामं होतं. जागा रिकामी ठेवणं हीदेखील एक निवडणूक पद्धतच आहे, फक्त तिच्यात मतदान नसतं.

१०. नगरसेवकाला मत आहे, मग सरपंचाला का नाही?

महाराष्ट्रात ग्रामपंचायत सदस्य या मतदारसंघात मतदार नाहीत. कर्नाटकात आहेत. आपल्याकडे सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांना मत दिलं तर मतदार शेकड्यांवरून हजारांवर जातील आणि आजचा 'भाव' परवडेनासा होईल. एका मतदारसंघात काहीशे मतदार असले की प्रत्येकाचा फोन नंबर उमेदवाराकडे असतो, प्रत्येकाची सहल काढता येते. मतदार संख्येने वाढवणं हा घोडेबाजारावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. कसोटी प्रश्न ६ मधलीच: गावाचा पाणीपुरवठा, वित्त आयोगाचा निधी हे सरपंचाइतकं कुणाला कळतं?

११. राज्यपालनियुक्त १२ जागांचं नक्की काय झालं होतं? आणि त्या साहित्यिकांसाठीच असतात ना?

साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा, या पाच क्षेत्रांतल्या जाणकारांसाठी असतात. राज्यसभेच्या यादीत सहकार नाही, विधान परिषदेच्या यादीत आहे. तो एक शब्द महाराष्ट्राने किती ताणला हे साखरपट्ट्यात राहणाऱ्याला सांगायला नको. एके काळी ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर याच दाराने आत आले. महानोर सभागृहात पाणी, शेती आणि फळबागांवर बोलायचे. आता पक्ष यादी पाठवतात आणि समाजसेवा या शब्दाखाली सगळे मावतात.

झालं असं: नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने १२ नावं राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वाजवी मुदतीत निर्णय घेणं हे राज्यपालांचं घटनात्मक कर्तव्य आहे, पण आदेश दिला नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि जुनी यादी मागे घेतली गेली. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, सात जणांचा शपथविधी झाला.

ही यादी पाठवण्याच्या आधी, २०२० च्या एप्रिल-मेमध्ये, याच जागांची दुसरी परीक्षा झाली. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होते पण कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांची मुदत २७ मेपर्यंत होती आणि करोनामुळे निवडणुका थांबल्या होत्या. मंत्रिमंडळाने नियुक्तीची शिफारस केली, राज्यपालांनी ती बाजूला ठेवून निवडणूक आयोगाला लिहिलं, ९ जागांची निवडणूक जाहीर झाली आणि सगळे बिनविरोध आले. राज्याचं सरकार राहणार की जाणार, हे एका नेमणुकीच्या सहीवर लोंबकळत होतं.

माझं म्हणणं साधं आहे. नावं देण्याला आणि त्यावर निर्णय घेण्याला दिवसांत मोजलेली मुदत हवी. आणि मागच्या पाच वर्षांत निवडणूक लढवलेला माणूस या दाराने येऊ नये.

१२. आमदार फुटू नयेत म्हणून मतदान खुलं का करत नाहीत? आणि फुटलेल्याचं काय होतं?

राज्यसभेसाठी २००३ मध्ये केलं आहे. पक्षाचा आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवतो आणि मग पेटीत टाकतो. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप नय्यर खटल्यात ते वैध ठरवलं. विधान परिषदेला मात्र मतदान गुप्तच आहे.

दोन्हींतला फरक महाराष्ट्राने जून २०२२ मध्ये दहा दिवसांत पाहिला. १० जूनला राज्यसभेचं खुलं मतदान झालं. त्यात मतपत्रिका भलत्याला दाखवली म्हणून शिवसेनेच्या एका आमदाराचं मत बाद झालं आणि निकाल पहाटे लागला. २० जूनला परिषदेचं गुप्त मतदान: १० जागा, ११ उमेदवार, कोटा सुमारे २६. भाजपचे स्वतःचे आमदार १०६, आणि निवडून आले पाच. हिशेब तुम्हीच करा. काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतेला निघाले.

फुटलेल्याची आमदारकी सहसा जात नाही. हे मतदान सभागृहाचं कामकाज मानलं जात नाही, म्हणून व्हिप चालत नाही. पैसे घेतले असतील तर गोष्ट वेगळी: मार्च २०२४ मध्ये सीता सोरेन प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की लाच घेणाऱ्या आमदार-खासदाराला विशेषाधिकाराचं कवच नाही. खटला राज्यसभेच्या मतदानाचा होता.

खुल्या मतदानाबद्दल माझं मत पूर्वी वेगळं होतं. गुप्तता म्हणजे सदसद्विवेक वगैरे वाटायचं. आता वाटत नाही. नागरिकाला गुप्तता हवी कारण त्याच्यावर कुणाचा तरी दबाव येऊ शकतो. आमदार मात्र आपल्या तीन लाख मतदारांच्या वतीने मत देतो, आणि त्यांना ते कळायलाच हवं. फक्त ते पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून थांबू नये. निकालाबरोबर कुणी कुणाला मत दिलं ते छापून लावा.

१३. हे सगळं बदलायला घटनादुरुस्ती लागेल. ती कोण करणार?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. कलम १७१ च्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलं आहे की संसद कायद्याने वेगळी तरतूद करीपर्यंत परिषदेची रचना पुढे दिल्याप्रमाणे राहील. म्हणजे एक तृतीयांश, एक द्वादशांश हे सगळे आकडे घटनाकारांनी तात्पुरते लिहिले होते. घटना समितीत या रचनेबद्दल समाधान नव्हतं, म्हणून दार उघडं ठेवलं. संसदेचा साधा कायदा, साधं बहुमत, एवढ्यावर रचना बदलता येते. पाऊण शतक होत आलं, त्या दारातून कुणी आत गेलं नाही.

कुठल्या संस्थांना मत, कुठल्या राज्यात किती जागा, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. माध्यमिक दर्जाच्या कुठल्या शिक्षणसंस्था धरायच्या, ते राज्य सरकार निवडणूक आयोगाच्या संमतीने ठरवतं. म्हणजे काही किल्ल्या दिल्लीत आहेत आणि एखादी मुंबईतही.

१४. त्यापेक्षा परिषदच बंद केली तर?

करता येते. कलम १६९ प्रमाणे विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करायचा आणि संसदेने साधा कायदा. पंजाब, पश्चिम बंगालमध्ये परिषदा होत्या, गेल्या. तमिळनाडूची १९८६ मध्ये गेली. आंध्रची १९८५ मध्ये गेली, २००७ मध्ये परत आली, जानेवारी २०२० मध्ये पुन्हा घालवण्याचा ठराव झाला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तोही मागे घेतला. ठराव कधी होतो तर तिथे आपलं बहुमत नसतं तेव्हा. आज सहा राज्यांत परिषदा आहेत: महाराष्ट्र, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा.

परिषदेचे अधिकार बेताचेच आहेत. धनविधेयक १४ दिवस, साधं विधेयक पहिल्या फेरीत तीन महिने आणि दुसऱ्या फेरीत एक महिना, एवढंच ती अडवू शकते. तरी मी बंद करण्याच्या बाजूचा नाही. वि. स. पागे १९६० ते १९७८ या सभागृहाचे सभापती होते, आणि रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून महाराष्ट्र त्यांनाच ओळखतो. दर पाच वर्षांनी मतदारसंघ सांभाळण्याची घाई नसलेला माणूस असा विचार करू शकतो. त्याला आत येण्याचा रस्ता कसा ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे.

१५. गोव्यात विधान परिषद का नाही?

कलम १७१ प्रमाणे परिषद विधानसभेच्या एक तृतीयांशापेक्षा मोठी असू नये, पण ४० पेक्षा लहानही असू नये. गोव्याची विधानसभाच ४० ची. तिथे परिषद स्थापन केली तर वरचं आणि खालचं सभागृह सारखंच होईल.

१६. दुसऱ्या देशात कुणी वरच्या सभागृहाची पद्धत सुधारली आहे का? आपल्याला त्यातून काय घेता येईल?

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण जवळचं, कारण तिथेही पसंतीक्रमच आहे. सेनेटच्या मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांना क्रम देण्याचा त्रास नको म्हणून १९८४ मध्ये सोय केली: एका पक्षासमोर १ लिहा, बाकीचा क्रम पक्षच ठरवेल. मग लहान पक्षांनी आपसात पसंत्यांची देवाणघेवाण सुरू केली. २०१३ मध्ये व्हिक्टोरियातून पहिल्या पसंतीची जेमतेम अर्धा टक्का मतं मिळालेला माणूस सेनेटर झाला. २०१६ मध्ये सेनेटची ती सोय रद्द केली आणि क्रम पुन्हा मतदाराच्या हाती दिला. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या वरच्या सभागृहात ती पद्धत चालूच राहिली आणि २०२१ मध्ये तिथे पहिल्या पसंतीची केवळ ९८ मतं मिळालेला उमेदवार निवडून आला. तेव्हा त्या राज्यानेही ती मोडली आणि प्रादेशिक मतदारसंघ काढून सगळं राज्य एकच मतदारसंघ केलं.

तिकडे पक्ष मतदाराच्या वतीने पन्नास पसंत्या लिहायचे, इकडे पक्ष मतदाराला दुसरी पसंतीच लिहू देत नाहीत. दोन्हीकडे पेन मतदाराच्या हातातून जातो.

१७. दोन जागा एकाच दिवशी रिकाम्या झाल्या, तरी पोटनिवडणुका वेगवेगळ्या का घेतात?

पोटनिवडणुकीत प्रत्येक रिकामी जागा स्वतंत्र मानतात. दोन जागा एकत्र घेतल्या तर कोटा एक तृतीयांशाच्या आसपास येतो आणि विरोधकांना एक मिळू शकते. वेगळ्या घेतल्या की प्रत्येकीचा कोटा निम्म्याहून जास्त, दोन्ही सत्ताधाऱ्यांना. २०१९ मध्ये गुजरातमधल्या राज्यसभेच्या दोन जागांबाबत हेच झालं. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. एकाच वेळी रिकाम्या झालेल्या जागा एकत्रच भराव्यात असं एक कलम घातलं तर हा प्रश्न मिटतो.

१८. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि अर्थात पदवीधरही आहे. दोन्ही यादींत नाव घालता येईल का?

येईल. दोन्ही मतदारसंघ वेगळे आहेत, त्यामुळे नमुना १८ आणि नमुना १९ असे दोन अर्ज वेगवेगळे भरा. तुमच्या विभागात दोन्ही निवडणुका एकाच वर्षी असतीलच असं नाही, तेव्हा तारखा पाहून ठेवा. शिकवण्याचा दाखला मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांच्या सहीचा लागतो. तो सुट्टी लागायच्या आत घ्या. आणि प्रमाणपत्रावरचा नावातला काना-मात्रा आधारशी ताडून पाहा.